आधी तोंड, मग लगाम : प्रस्तावना

माळेगावच्या यात्रेत घोडी घेणारा माणूस तिचे तोंड उघडतो ते वय बघायला. एका हाताने वरचा ओठ उचलतो, दुसऱ्याने खालचा दाबतो, समोरचे कातरे दात बघतो, आदत की दोनदाती हे मनाशी ठरवतो आणि ओठ सोडून देतो. मग भोवरे बघितले जातात, देवमण आहे का, चारी पाय पांढरे आहेत का, कानांची टोके जुळतात का, रवाल कशी चालते. भाव ठरतो आणि घोडी नव्या मालकामागे निघते. लगामाचे लोखंड तिच्या उरलेल्या आयुष्यात रोज ज्या जागेवर बसणार, ती जागा त्या कातऱ्या दातांच्या मागे चार बोटांवर असते. तिथवर फार थोड्यांची नजर जाते. पुढची सगळी पाने त्या चार बोटांच्या जागेविषयी आहेत.

हे पुस्तक पेडगावात लिहिले गेले, आणि पेडगाव म्हटले की वाचकाच्या ओठावर ती म्हण येणारच, म्हणून आधी खुलासा. वेड पांघरून ज्या पेडगावला जायचे ते भीमेकाठचे, बहादूरगडाचे. आमचे पेडगाव परभणी जिल्ह्यातले, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे, काळ्या मातीतले. घोड्यांची गोष्ट मात्र त्या पेडगावचीच जास्त प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ साली, मराठ्यांच्या एका तुकडीने मोगल सरदार बहादूरखानाच्या फौजेला हुलकावणी देऊन दूर नेले आणि दुसरीने मागे उरलेली छावणी लुटली. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे उमदे घोडे हाती लागले, असे सांगतात. घोड्यांची संख्या अशी साडेतीनशे वर्षे लक्षात राहते. त्यांच्या तोंडात काय घातले होते, हे सांगणारा सहसा भेटत नाही.

आमच्याकडे आज घोडा कोणाकडे आहे? वरातीसाठी घोडी ठेवणारे आहेत, तिला हलगी-बँडवर नाचायला शिकवणारे आहेत. टांगेवाले जवळजवळ संपले. मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगरांची तट्टे अजून बिऱ्हाड वाहतात. आणि अलीकडे एक नवा वर्ग आला आहे: चार एकर ऊस, एक मारवाडी घोडी आणि मोबाइलमध्ये तिचे शंभर फोटो असलेला तरुण शेतकरी. या सगळ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते. घोडी तोंडाची कठीण आहे, ओढते, ऐकत नाही, जरा कडक लगाम सुचवा.

हे पुस्तक या मागणीच्या उलट बाजूने सुरू होते. लगाम घोड्याच्या स्वभावावरून निवडू नये, तोंडावरून निवडावा. ज्याला आपण मुजोरी म्हणतो, ती पुष्कळदा मापाची चूक असते: लोखंड फार रुंद, फार अरुंद, फार जाड, चुकीच्या जागी सांधलेले, किंवा दाढेला आपटणारे. चूक लोखंडात असताना ते आणखी कडक केले की घोडा आणखी ओढतो, कारण दुखण्यापासून पळणे एवढेच त्याला येते. मग मालक त्याहून कडक लोखंड शोधतो. ही शिडी कुठवर चढते ते आपल्या बाजारांत टांगलेले काटेरी लगाम बघितले की कळते.

आता त्या जागेकडे वळू. खालच्या जबड्यात पुढे सहा कातरे दात, मागे दाढा आणि मध्ये एकही दात नाही अशी लांबट मोकळी हिरडी. नराला या मोकळ्या हिरडीच्या पुढच्या भागात चौथ्या-पाचव्या वर्षी सुळे येतात. घोडीला बहुधा येत नाहीत, आले तर बारीक कोंब. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे कधीकधी एक खुरटा दात असतो, त्याला पशुवैद्य वुल्फ टूथ म्हणतात. तो दिसायला तुरीएवढा असला तरी लगामाचे लोखंड त्यावर आपटू लागले की घोडा अचानक मान झटकायला लागतो आणि घरचे म्हणतात, दृष्ट लागली.

ही मोकळी हिरडी निसर्गाने लगामासाठीच राखून ठेवली, अशी समजूत फार जुनी आहे. हात लावून बघितले की ती टिकत नाही. तिथे जबड्याचे हाड वरच्या कडेला धारेसारखे निमुळते होते, त्यावर पातळ आवरण, आणि दोहोंमध्ये मांसाचा थर जवळजवळ नाहीच. आपल्या नडगीवर लाटणे दाबून बघितले तर त्या जागेची थोडी कल्पना येईल. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारा मज्जातंतू याच भागात हाडातून बाहेर पडतो. इंग्लंड-अमेरिकेत काम केलेले पशुवैद्य रॉबर्ट कुक यांनी घोड्यांचे जुने जबडे तपासले तेव्हा नेमक्या या कडेवर हाडाचे कंगोरे वाढलेले दिसले. वारंवार मार बसलेल्या हाडाने दिलेले ते उत्तर आहे. जिवंत घोड्यात हे कंगोरे ओठांआड राहतात, म्हणून मालकाला आपला घोडा फक्त हट्टी वाटतो.

दुसरी गोष्ट जीभ. बहुतेकांच्या मनात घोड्याच्या तोंडाचे चित्र एखाद्या रिकाम्या खोलीसारखे असते: खाली जीभ, वर टाळू, मध्ये मोकळी हवा, तिथे लगाम आरामात लटकतो. मिटलेल्या तोंडात अशी मोकळी हवा नसतेच. जीभ सगळी जागा भरून टाळूला टेकलेली असते. लगाम आत गेला की जिभेला खाली दबावे लागते, नाहीतर बाजूला सरकावे लागते. जर्मनीतल्या हानोवर इथल्या एंगेल्के आणि गासे यांनी तोंडाची मापे घेऊन २००३ साली हेच मांडले: जाड लगामाला तोंडात आपण समजतो तेवढी जागा नसते. ‘जाड तेवढा मऊ’ हा आपल्याकडचाही आवडता नियम आहे. तो अर्धाच खरा आहे. बारीक सळई कमी जागेवर टोचते हे बरोबर, पण मांसल जिभेच्या आणि बसक्या टाळूच्या घोडीला वीस मिलिमीटरचा जाडजूड लगाम घातला तर तिला तोंड मिटताच येत नाही. ती चघळत राहते, लाळ गाळते, तोंड उघडे ठेवते, आणि मग कोणीतरी तोंड मिटवण्यासाठी नाकावरचा पट्टा आवळतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने ड्रेसाज या खेळासाठी साध्या लगामाची जाडी किमान १४ मिलिमीटर ठरवली आहे. ही खालची मर्यादा झाली. वरची मर्यादा प्रत्येक घोड्याची जीभ ठरवते.

टाळू, ओठांचे कोपरे, हनुवटीची खळ आणि कानांमागचा माथा या लगामाचा दाब पडणाऱ्या उरलेल्या चार जागा. कुठे किती दाब पडतो ते लगामाच्या घडणीवर ठरते. साधा, मधोमध एकच सांधा असलेला लगाम वादी ओढली की घडी पडल्यासारखा मिटतो, जीभ दोन्ही बाजूंनी दाबतो आणि मोकळ्या हिरडीच्या कडांवर येतो. मध्ये चपटी कडी घालून दोन सांधे केले की घडी सौम्य होते. अखंड, किंचित कमानदार दांडी जिभेवर सपाट भार देते; काही घोडे तिच्यावर शांत होतात, काही तिच्यावर रेलून चालायला लागतात. यातला ‘सर्वांत चांगला’ प्रकार कोणता असे विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, कोणाच्या तोंडात?

हा विचार नवा नाही. घोड्याच्या शिक्षणावर ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिले, त्यात प्रत्येक स्वाराजवळ दोन तरी लगाम असावेत असे म्हटले आहे, एक गुळगुळीत आणि एक बोचरा. म्हणजे निवडीचा प्रश्न तेव्हाही होता. आपल्याकडे पुरावा जमिनीखाली आहे. नागपूरजवळच्या टाकळघाट-खापा आणि माहूरझरी इथल्या शिळावर्तुळांचे उत्खनन शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने १९६८ ते १९७२ या काळात केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या त्या दफनांत घोड्यांचे अवशेष मिळाले, त्यांच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले आणि लोखंडी लगामही मिळाले. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भातला लोहार घोड्याच्या तोंडासाठी लोखंड घडवत होता. लॉरेन्स लेश्निक यांनी १९७१ साली भारतातल्या जुन्या लगामांवर स्वतंत्र लेख लिहिला. विषयाच्या अभ्यासकाने तो जरूर वाचावा.

मला या दफनांविषयी एक अभ्यासकाची हाव आहे. लगाम आणि त्याच घोड्याचा जबडा एकत्र मिळाला, तर दाताकडे बघायचे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डेव्हिड अँथनी आणि डॉर्कस ब्राऊन यांनी दाखवले की लगाम चावणाऱ्या घोड्याच्या खालच्या पहिल्या दाढेची पुढची कड झिजून तिरपी होते. याच खुणेवरून कझाकस्तानातल्या बोताई इथे इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास घोड्याला लगाम होता, असे त्यांचे मत. पुढे इतर अभ्यासकांनी त्याला जोरदार हरकत घेतली. तशी झीज लगामाशिवायही होते, हा त्यांचा मुद्दा. वाद मिटलेला नाही. तरी एवढे पदरात पडते की लोखंड तोंडात जाते तेव्हा तोंडही ते लिहून ठेवते, आणि वाचणाऱ्याची नजर तयार असेल तर हजारो वर्षांनी वाचता येते.

ग्रंथांची परंपरा मोठी आहे, शालिहोत्रापासून सुरू होते, नकुलाच्या नावावर अश्वशास्त्र आहे. त्याची सचित्र प्रत तंजावरच्या भोसल्यांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात होती आणि १९५२ साली ती छापली गेली, ही मराठी वाचकाला आनंदाची गोष्ट वाटावी. आमच्या भागाला सगळ्यांत जवळचा ग्रंथ मानसोल्लास. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात तो रचला आणि त्यात घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचा वाह्याली नावाचा विनोद, म्हणजे करमणुकीचा प्रकार, सविस्तर वर्णिला. घोडा वळवायचा, थांबवायचा, पुन्हा पळवायचा, हे सगळे त्या खेळात आले. पण या ग्रंथांकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. घोड्याचे रंग, भोवरे, शुभाशुभ लक्षणे यांना ते जितकी जागा देतात तितकी मोकळ्या हिरडीला देत नाहीत. माळेगावचा गिऱ्हाईक आजही त्याच क्रमाने बघतो, यात मला त्याचा दोष दिसत नाही. त्याने शास्त्रच पाळले आहे.

मराठ्यांच्या घोडदळाचे बळ भीमथडी तट्टावर होते: ठेंगणे, काटक, डोंगर चढणारे. त्या जातीला अलीकडे भारतीय अश्वजात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली आहे. परभणीच्या परिसरात घोडदळाची आठवण वेगळी आहे. हिंगोली, जी १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती, आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, या दोन्ही ठिकाणी हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या छावण्या होत्या. छावणी आली की तिच्यामागे चाबूकस्वार, मोतद्दार, नालबंद, सालोतरी, जीनगर असा सगळा मेळा येतो. छावण्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेल्या. मेळा पांगला आणि ज्ञान वाटले गेले: खुराचे नालबंदाकडे, दुखण्याचे पशुवैद्याकडे, चालीचे चाबूकस्वाराकडे, कातड्याचे जीनगराकडे. तोंड कोणाच्याच वाट्याला आले नाही. जीनगर म्होरकी शिवतो, लोखंड विकत आणतो. लोहार लोखंड घडवतो, त्याने घोड्याच्या तोंडात बोट घातलेले नसते. पशुवैद्याला बोलावले जाते ते जखम झाल्यावर.

त्यातून जो माल हाती येतो तो ठरावीक मापाचा. कानपूर हे देशातले खोगीर आणि चामडी सरंजामाचे मोठे केंद्र, आणि तिथल्या मालाचा मोठा वाटा परदेशी गिऱ्हाइकासाठी बनतो. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याला किंवा युरोपातल्या भारदस्त घोड्याला जे बसेल ते काठियावाडीला बसेलच असे नाही. काठियावाडीचा चेहरा मध्ये किंचित खोलगट आणि नाकपुड्यांकडे निमुळता होत जातो, तोंड लहान. मारवाडीचा चेहरा लांब आणि सरळ. भीमथडीचे तट्टू अंगानेच लहान. या तिघांना एकाच पेटीतला पाच इंची लगाम घालणे म्हणजे तिघांपैकी दोघांना त्रास देणे. लगाम रुंद असला की एका बाजूने ओढला जातो, सांधा मध्यावर राहत नाही आणि कडे ओठाच्या आत शिरते. अरुंद असला की दोन्ही कोपरे चिमटीत धरल्यासारखे दाबले जातात. कोपऱ्यांत पांढरे केस किंवा गुळगुळीत गुलाबी व्रण असलेली घोडी बाजारात दिसली तर तिच्या मागच्या मालकाची पेटी मला न बघता ओळखता येते.

मापाची पद्धत पुस्तकात सविस्तर दिली आहे. इथे तिची चव म्हणून थोडे. घोडी शांत उभी असताना, ओळखीच्या माणसाने म्होरकी धरलेली असताना, ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घालावा. तिथे दात नाहीत, चावण्याची भीती नाही. ती आपोआप तोंड सैल करते. मग मिटलेल्या तोंडात कोपऱ्यातून दोन बोटे आडवी ठेवून बघावे की वरच्या आणि खालच्या हिरडीत ती किती आवळली जातात. बोटे घट्ट दाबली गेली तर जाड लगाम विसरावा. जीभ दातांच्या ओळीबाहेर फुगून येते का, ते ओठ बाजूला करून बघावे. मोकळ्या हिरडीवर बोट फिरवावे: कड धारदार आहे की बोथट, एखादा उंचवटा आहे का, दाबल्यावर ती मान काढून घेते का. रुंदीसाठी गुळगुळीत काठी किंवा जाड सुतळी, लगाम जिथे बसेल तिथे तोंडातून आडवी धरावी आणि दोन्ही ओठांच्या बाहेरच्या कडांवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर हे तोंडाचे माप. त्यात प्रत्येक बाजूला साधारण पाच मिलिमीटर मोकळे सोडून लगामाचे माप काढावे. कोपऱ्यावर एक की दोन सुरकुत्या पडाव्यात हा जुना वाद आहे. सुरकुत्या मोजण्यापेक्षा लोखंड सुळ्याला आणि दाढेला दोन्हीकडे न लागता मोकळ्या हिरडीवर कुठे बसते ते बघणे जास्त कामाचे, कारण ओठाची लांबी आणि हिरडीची लांबी यांचे प्रमाण घोड्यागणिक बदलते.

वयाकडे दुर्लक्ष झाले तर ही सगळी मापे वाया जातात. शिंगराचे दुधाचे दात पडून पक्के येण्याचा काळ साधारण अडीच वर्षांपासून साडेचार वर्षांपर्यंतचा. पुढच्या दाढाही याच काळात बदलतात, आणि सुळे पाचव्या वर्षापर्यंत येत राहतात. म्हणजे ज्या वयात आपण शिंगराला लगामाची ओळख करून देतो, नेमके त्याच वयात त्याच्या हिरड्या फुगलेल्या, हुळहुळ्या असतात. एका महिन्यात ज्याने लगाम हसत घेतला तेच शिंगरू पुढच्या महिन्यात तोंड वर करून पळत असेल, तर त्याला खोडकर ठरवण्याआधी दात बघावेत. नाचकामासाठी दोन वर्षांच्या शिंगराच्या तोंडात लोखंड घालून त्याची मान आवळून बांधणाऱ्यांशी माझे जमत नाही. हे मी इथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे पुस्तकात माझा सूर मध्येच का चढतो ते वाचकाला कळेल.

दांडीचे लगाम, म्हणजे ज्यांना बाजूला लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते, त्यांचे गणित एकदा तरी कागदावर मांडावे. लोखंडापासून वर पाच सेंटिमीटर आणि खाली दहा सेंटिमीटर अशी दांडी धरा. वादीवर एक किलोचा ताण दिला, तर हनुवटीच्या साखळीवर दोन किलोच्या आसपास आणि तोंडातल्या लोखंडावर तीन किलोच्या आसपास भार येतो. हातात एक, तोंडात तीन. शिकलेल्या हातात हीच गोष्ट उपयोगाची, कारण तिथे ताण तोळ्यांत दिला जातो. वरातीत, डीजेच्या भिंतीसमोर, नवरदेव वर बसलेला, खाली फटाके, आणि वादी धरलेला पोरगा स्वतःच घाबरलेला असताना तो तोळ्यांत राहत नाही. जोडीला जेरबंदाने मान खाली बांधलेली असते, त्यामुळे तोंड वर करून दाब चुकवण्याची सोयही घोडीला उरत नाही. प्रेक्षकांना ती मान कमानदार करून डौलात नाचताना दिसते.

काटेरी लगामाबद्दल कायदा स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. काटे, गाठी किंवा टोके असलेला लगाम वापरायला त्या नियमांत मनाई आहे. साठ वर्षे झाली. बाजारात तो मिळतो, कारण मागणी आहे, आणि मागणी भीतीतून येते. स्वाराला घोडा ताब्यात राहणार नाही अशी भीती वाटते. लोखंडाचे काटे ती घोड्याच्या तोंडात हलवतात. म्हणून या पुस्तकात कायद्याला एक पान दिले आहे आणि हात हलका करण्याच्या सरावाला बरीच पाने.

आधुनिक संशोधनातली एकच गोष्ट या प्रस्तावनेत घेतो, कारण ती माझ्या मनातून जात नाही. फिनलंडमध्ये काती तुओमोला आणि सहकाऱ्यांनी शर्यत संपल्यावर गाडी ओढणाऱ्या २६१ घोड्यांची तोंडे तपासली आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. २१९ घोड्यांच्या, म्हणजे शेकडा ८४ जणांच्या तोंडात लगामाच्या जागी ताज्या जखमा होत्या. तोंडाबाहेर रक्त दिसले ते फक्त ६ घोड्यांच्या. हे घोडे कोणा गरिबाच्या गाडीचे नव्हते; निगराणीतले, डॉक्टर हाताशी असलेले होते. बाहेरून दिसत नाही म्हणून आत काही नाही, असे म्हणण्याची सोय या आकड्यांनी काढून घेतली आहे. त्याआधी १९८० च्या दशकात कॅनडात हिलरी क्लेटन यांनी चालत्या क्ष-किरण चित्रांत लगाम तोंडात कसा हलतो ते पाहिले. घोडा जिभेने लोखंड मागे-वर ढकलतो, कधी ते दाढांमध्ये पकडूनही ठेवतो, असे त्यात दिसले. आपण ज्याला ‘लगाम दातांत धरून पळाला’ म्हणतो ते नुसते बोलणे नव्हते.

मग लगामच नको, असे काही जण म्हणतात. नाकावरून चालणाऱ्या, तोंडात काहीही न घालणाऱ्या म्होरक्या आता इथेही मिळतात. त्यांना मी विरोधी नाही. शांत घोडी, ओळखीचा रस्ता, हलका हात असेल तर त्या चांगल्याच. तोंडात जखम असताना तर त्यांनाच पर्याय नाही. पण नाकाचे पुढचे हाडही नाजूक असते आणि खूप खाली बांधलेला पट्टा श्वास अडवतो. तिथेही माप लागतेच. पंढरीच्या वाटेवर रिंगणात धावणाऱ्या माउलींच्या अश्वावर स्वार नसतो; हजारो वारकऱ्यांच्या गर्दीतून तो मोकळ्या पाठीने दौडतो. ते बघताना दरवेळी मनात येते की तोंडावर कोणाचा हात नसलेला घोडा चालीला किती वेगळा असतो. पण त्या अश्वाला वर्षानुवर्षांचा सराव असतो आणि त्याच्यासाठी रिंगण रिकामे केलेले असते. वरातीच्या रस्त्यावर त्यातले काहीच नसते.

लोहारांसाठी दोन शब्द, कारण हे पुस्तक त्यांच्याही हाती पडावे अशी इच्छा आहे. बांधकामाच्या सळईचा लगाम करू नये. तिच्या अंगावरच्या रेघा जिभेला किसतात. वेल्डिंगची गाठ सांध्याच्या आतल्या बाजूला राहू देऊ नये, कानशीने घासून, शेवटी आपल्याच जिभेचे टोक फिरवून खात्री करावी. मुलामा दिलेले स्वस्त लोखंड महिन्याभरात सोलते आणि सोललेली कड पात्यासारखी लागते. साधे स्टेनलेस स्टील, नीट घासलेले, यापेक्षा जास्त काही लागत नाही. तांब्याच्या लगामाने लाळ सुटते म्हणून पुष्कळ जण तो मागतात. मऊ धातू आहे, लवकर झिजतो आणि कडा सोडतो, एवढे ध्यानात ठेवावे. डिसेंबरच्या पहाटे माळेगावात थंडीने गार पडलेले लोखंड तोंडात घालण्याआधी तळहातात धरून गरम करण्याला तर काहीच खर्च नाही.

या क्षेत्रात येणाऱ्या नव्या माणसाला मी निमंत्रण देतो ते एका अपुऱ्या कामात सामील होण्याचे. मारवाडी, काठियावाडी आणि भीमथडी यांच्या तोंडांची मापे, वयासह, लिंगासह, एका वहीत एकत्र हवीत: ओठांची रुंदी, हिरड्यांमधले अंतर, जिभेचा फुगवटा, हिरडीच्या कडेची धार, सुळे आहेत की नाहीत, वुल्फ टूथ आहे का, जुने व्रण कुठे, आणि सध्या तोंडात काय घातले आहे. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहे, हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, माळेगाव दोन-तीन तासांवर आहे, सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. विद्यार्थ्याला एवढे साहित्य एका जागी सहसा मिळत नाही. शिवाय खर्च एका मोजपट्टीचा, एका काठीचा आणि चहाचा. चहा लागतोच, कारण चाबूकस्वार उभ्याउभ्या बोलत नाही.

चाबूकस्वारांकडे शिकायला जाताना डोक्यात हे पुस्तक घेऊन जाऊ नये, ही एक विनंती. त्यांच्या पिढ्यांनी बोटांनी जे ओळखले आहे ते कागदावर आलेले नाही. मोकळ्या हिरडीला शास्त्रीय नाव त्यांना ठाऊक नसेल, पण कोणती घोडी डाव्या बाजूने का रेलते हे ते दहा पावलांत सांगतात. त्यांच्या काही गोष्टी चुकीच्याही निघतील. त्या चुकीच्या का, हे त्यांच्यासमोर त्यांच्याच घोड्याचे तोंड उघडून दाखवता येत असेल तरच बोलावे.

पुस्तकाची प्रकरणे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. तोंडाची रचना आणि मापे ही प्रकरणे आधी घेतली तर बाकीची सोपी जातील. लगामांच्या प्रकारांचे प्रकरण सर्वांत लांब आहे आणि सर्वांत कमी महत्त्वाचे; दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी चाळले तरी पुरे. आणि तुमच्या दारात बांधलेल्या घोडीच्या ओठाच्या कोपऱ्यात आत्ताच जखम असेल, तर आधी लगाम काढा, पशुवैद्याला बोलवा आणि जखमांचे प्रकरण उघडा. जखम भरेपर्यंत तिच्यावर बसायचे नाही, तेवढ्या दिवसांत इतिहासाचे प्रकरण आरामात वाचून होईल.